अंगण वाकडंच असायला हवं

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकलो. पण एखाद्या जुन्या गवंड्याला विचारा. तो सांगेल की अंगण वाकडंच असतं, असायलाच हवं. पाणसळीत सपाट केलेल्या अंगणात पहिल्याच वळवाच्या पावसात डबकं साचतं आणि ते पाणी घराच्या जोत्यात मुरतं. घराकडून बाहेर, दर पाच फुटांना साधारण एक इंच उतार दिला, तर डोळ्याला कळत नाही आणि पाण्याला मात्र बरोबर कळतं. म्हणजे नाचणाऱ्याची सबब खोटी असली, तरी अंगणाबद्दलची तक्रार खरी होती.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे सध्या गावोगाव अंगणं आणि परसं बदलत आहेत. दौंड तालुक्यातलं कासुर्डीच घ्या. पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्यांना हे नाव पूर्वीच्या टोलनाक्यामुळे माहीत झालं. दक्षिणेला भुलेश्वरचे डोंगर, उत्तरेला मुळा-मुठेचं पात्र, मधून महामार्ग. या पट्ट्यात नवं घर झालं की स्लॅब आणि रंगकामानंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मागच्या मोकळ्या जागेचं काय करायचं? कोबा करायचा, शहाबादी घालायची की पेव्हर ब्लॉक? मोबाइलवर दहा व्हिडिओ पाहिले की उत्तर मिळतं. पण त्या जागेने आजवर काय काय काम केलं आहे, हे त्या व्हिडिओत नसतं. ते माहीत असलं, तर फरशी घालताना आपण काय मिळवतो आहोत आणि काय झाकतो आहोत, हे नीट दिसतं.

तीन हजार वर्षांपूर्वीचं अंगण

यासाठी फार लांब जायला नको. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली महत्त्वाची नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. भारतातल्या ताम्रपाषाणयुगीन गावाचा इतका सविस्तर अभ्यास क्वचितच झाला असेल.

घरं कुडाची होती, मातीच्या ठेंगण्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली. जमीन चोपून केलेल्या मातीची. धान्य साठवायला जमिनीत खड्डे, म्हणजे आपल्या पेवांचे पूर्वज. आणि घराबाहेर अंगण. सुरुवातीच्या काळातली घरं चौकोनी आणि ऐसपैस होती. शेवटच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतर, चौकोनी घरं कमी झाली आणि लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान बिघडलं आणि गाव गरीब झालं, असं अभ्यासक मानतात. या गोल झोपड्या तीन-चारच्या घोळक्याने एका अंगणाभोवती उभ्या असत. म्हणजे भिंती आकसल्या, पण मधली मोकळी जागा लोकांनी सोडली नाही. एका खोपीत न मावणारं कुटुंब अंगणात मावत होतं.

इनामगावची सगळ्यात गाजलेली गोष्टही अंगणातलीच आहे. तिथे मोठ्या माणसांना सहसा उत्तरेकडे डोकं करून पुरत आणि घोट्याखालचे पाय तोडत. लहान मुलांना मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. पण वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात वेगळंच दफन मिळालं. चार पायांचा मातीचा मोठा रांजण, आणि त्यात मांडी घातल्यासारख्या स्थितीत बसवलेला पुरुष. त्याच घराला धान्याचं कोठार होतं. हा गावचा प्रमुख असावा, असा तर्क त्यावरून केला गेला.

यावरून एक गोष्ट कळते. अंगण ही घर बांधून उरलेली जागा नव्हती. तिथे धान्य होतं, चूल होती, पोरं होती, आणि जी माणसं गेली तीही जवळपासच होती.

पांढरी म्हणजे साचलेली अंगणं

इथल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग असत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीच्या मातीला पांढरी का म्हणायचं? कारण पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, भुसा, खापरं साचत गेली की मातीचा रंग आणि पोत दोन्ही बदलतात. नदीकाठी अशी पांढरीची टेकाडं दिसली की पुरातत्त्वज्ञांचे कान टवकारतात, कारण त्याखाली जुनी वस्ती असण्याची शक्यता मोठी असते.

घर बांधणाऱ्यालाही पांढरीची किंमत ठाऊक होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पांढरी तसं करत नाही. म्हणून धाब्याच्या घरांच्या छतावर पांढरी माती घालत, भिंतीलाही तीच वापरत. आजच्या इंजिनिअरच्या भाषेत, ती न फुगणारी भरावाची माती होती. पूर्वजांनी तिच्यासाठी प्रयोगशाळा काढली नव्हती, पण काळीवर घर टिकत नाही आणि पांढरीवर टिकतं, हे त्यांनी शेकडो पावसाळ्यांत पाहिलं होतं.

सारवणाचा हिशोब

मातीचं अंगण सुंदर दिसतं, हे फोटो काढणाऱ्याचं मत झालं. ते सुंदर ठेवणारीला विचारा.

मातीचं अंगण एकदा करून भागत नाही. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचं, चोपण्याने चोपायचं. हे वर्षाचं काम. त्यावर शेणसडा रोजचा आणि सारवण दर काही दिवसांनी. सण आला, पाहुणे आले, मांडव पडायचा असला की पुन्हा. सारवण उकिडवं बसून किंवा गुडघ्यांवर होतं. हात कोपरापर्यंत शेणात, कंबर वाकलेली. पावसाळ्यात सगळं वाहून गेलं की दिवाळीआधी पुन्हा पहिल्यापासून. घरचा पुरुष 'आमचं अंगण' म्हणायचा. ते अंगण रोज पहाटे नव्याने तयार करणारी बाई होती.

शेणाचं काम नुसतं शोभेचं नव्हतं. शेणातला चोथा आणि चिकटपणा धूळ धरून ठेवतो, वरचा थर झिजला तरी खालचा मुरूम उखडत नाही. पण त्यासाठी दावणीला जनावरं हवीत. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, गोठे कमी झाले, उरलेलं शेण शेतात किंवा गोबर गॅसमध्ये गेलं. खडकवासला धरण १८७९मध्ये पूर्ण झालं. त्याच्या कालव्यांनी पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात पाणी आणलं, आणि पुढे ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, पक्की घरं वाढली. सारवायला ना शेण उरलं, ना वेळ.

म्हणून परसात फरशी घालणं हा नुसता शहरी शौक नाही. अनेक घरांत ती एखाद्या आजीच्या गुडघ्यांची सुटका असते. जुन्या अंगणासाठी उसासे टाकणाऱ्यांनी आधी आठवडाभर सारवून बघावं.

अंगणात कोण, ओसरीत कोण

अंगणाला दुसरंही एक काम होतं, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही. जुन्या घराची रचना ही एक गाळणी होती. अंगण, ओटा, ओसरी, माजघर, देवघर: प्रत्येक उंबऱ्यावर काही माणसं थांबत. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांना अंगणाच्याही कडेला उभं राहावं लागे. भाकरी वरून टाकली जाई, पाणी वरून ओतलं जाई. घराची मोकळी जागा सर्वांना मोकळी नव्हती.

ती गाळणी फोडण्याची एक मोठी घटना पुण्यात घराच्या आवारातच घडली. १८६८मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सभा नाही, अर्ज नाही. स्वतःच्या मालकीच्या जागेत कोण येईल, हे त्यांनी बदललं. घरमालकाच्या हातात तेवढी एक सत्ता असते, आणि त्यांनी ती वापरली.

फुल्यांच्या परसाची गोष्ट तिथे संपत नाही. मृत्यूनंतर आपल्याला जाळू नये, मीठ घालून पुरावं, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. राहत्या वस्तीत दफन करायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन झालं. अस्थी मात्र त्यांनी निवडलेल्या जागी आणून ठेवल्या. आज पुण्यातल्या फुलेवाड्यात ते वृंदावन दिसतं.

इनामगावचा रांजणातला माणूस आणि जोतीराव यांच्यात जवळजवळ तीन हजार वर्षांचं अंतर आहे. एकाला बहुधा सत्तेमुळे अंगणात जागा मिळाली, दुसऱ्याने सगळ्या सत्तांशी भांडून ती मागितली. दोघांनाही घराजवळची जमीन हवी होती.

फरशी आली रेल्वेने

आता वरच्या थराकडे येऊ. दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, टणक असतो. त्याचे चिरे होतात, जाती होतात, पाटे-वरवंटे होतात. पण त्याच्या पातळ, सपाट लाद्या सहज निघत नाहीत. म्हणून दगडी फरसबंदी वाड्यांच्या चौकांत, घाटांवर, देवळांत दिसे. साध्या शेतकऱ्याला ती परवडत नसे.

हे चित्र बदलायला लोहमार्ग कारणीभूत ठरला. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे १८५८ ते १८६० या काळात दौंडमार्गे पूर्ण झाली आणि १८७१मध्ये रायचूरला पोचली. याच मार्गावर, आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे. तिथला चुनखडक मुळातच थराथराचा. पाचर मारली की वहीची पानं सुटावीत तशा लाद्या सुटतात. हीच आपली शहाबादी. स्वयंपाकघराचा ओटा, मोरी, शाळेची ओसरी, देवळाचा सभामंडप, एसटी स्टँड: महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या या करड्या, थंड दगडावर बसून जेवल्या आहेत.

गंमत अशी, की भूगर्भशास्त्रात त्या खडकांच्या गटाला 'भीमा' हेच नाव आहे, कारण ते भीमेच्या खोऱ्यात आहेत. दौंडजवळून वाहणारी तीच भीमा. म्हणजे कासुर्डीच्या परसात घातलेली शहाबादी परकी नाही. आपल्याच नदीच्या खालच्या अंगाची ती आहे. फक्त प्रवाहाच्या उलट दिशेने, वाघिणींत बसून आली.

त्याच चुनखडकाच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखानेही उभे राहिले. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४मध्ये घेतलं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४मध्ये सिमेंट निघू लागलं. खेड्यातल्या अंगणापर्यंत ते पोचायला आणखी काही दशकं गेली. मग कोबा आला: एकसंध, धुता येणारा, आणि एकदा भेग पडली की कायमची दाखवणारा.

आज ज्याची चलती आहे तो पेव्हर ब्लॉक युद्धानंतरच्या युरोपातला. नेदरलँड्समध्ये रस्ते विटांचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर विटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी २००६मध्ये आयएस १५६५८ हे मानक काढलं. त्यानुसार जिथे वाहनं येत नाहीत अशा जागी ५० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक चालतो. हलकी वाहनं येणार असतील तर ६० मिलिमीटरचा. दुकानदाराला रंग विचारण्याआधी जाडी विचारावी, ती यासाठी.

खालचा थर आणि वरचं पाणी

परसात फरशी घालणाऱ्यांची नेहमीची चूक एकच असते: सगळा खर्च वरच्या थरावर. काळ्या मातीवर थेट ब्लॉक मांडले, तर पहिल्या पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात बसते आणि दोन वर्षांत अंगण खरोखरच नाचण्याजोगं राहत नाही. काळी माती निदान फूटभर काढून टाकावी. त्या जागी मुरूम थराथराने भरावा. प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. त्यावर खडीचा थर, तोही दाबून. मग इंच-दीड इंच कच, सळईने समतल ओढलेली. त्यावर ब्लॉक, फटींत बारीक कच. कडेला पक्की किनार, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. आणि उतार घरापासून दूर.

नीट पाहिलं तर खालच्या अर्ध्या भागात नवीन काहीच नाही. काळी काढा, न फुगणारी माती भरा, चोपा, उतार द्या. पांढरीवर घर बांधणारे हेच करत होते.

आता पाण्याचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद परस म्हणजे २० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर त्या एवढ्याशा जागेवर १०,००० लिटर पाणी पडतं: पाचशे लिटरच्या वीस टाक्या. सारवलेल्या अंगणातूनही बरंच वाहून जायचं, पण ते कडेच्या केळीला, अळूला, शेवग्याला मिळायचं. सिमेंटने बांधलेल्या अंगणातलं पाणी गटारात किंवा शेजाऱ्याच्या भिंतीखाली जातं. दौंड-शिरूरसारख्या पर्जन्यछायेच्या भागात, जिथे उन्हाळ्यात बोअरवेल आटतात, तिथे हे परवडणारं नाही. ब्लॉकच्या फटी सिमेंटने भरू नका, कचेनेच भरा. खालच्या टोकाला मातीचा पट्टा सोडा. झाड असेल तर त्याच्या बुंध्याभोवती निदान दोन-तीन फूट जमीन उघडी ठेवा. उन्हात तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. मे महिन्यात तिथे बाज टाकून झोपायचं असेल, तर सावलीची सोय फरशीच्या आधी हवी.

मोकळ्या जागेची किंमत

अंगण या शब्दाने देशाला एक मोठी गोष्ट दिली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, अशी ही कल्पना. तिचं नाव अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर पोचला. शाळेची इमारत नव्हती, पैसे नव्हते. पण प्रत्येक पाड्यात कुणाचं तरी अंगण होतं, म्हणून ते जमलं.

आज तेच खात्रीने सांगता येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाची जागा धरून. अंगणाचा त्यात हिशोब नाही. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की पहिली भिंत बहुतेक वेळा अंगणातूनच जाते. गावठाणातली जागा तर वर्षानुवर्षं नुसत्या वहिवाटीवर चालली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये घराची नोंद असे, पण मागचा तुकडा नेमका कुणाचा, यावर दोन पिढ्या बोलत नसत. २०२०पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जाऊ लागली आणि मिळकत पत्रिका मिळू लागल्या. फरशीचा पहिला ब्लॉक मांडण्याआधी ती पत्रिका काढून पाहणं हे मुरूम भरण्याइतकंच पायाचं काम आहे. परसातला वाद कोर्टात गेला, तर तो ब्लॉकपेक्षा जास्त टिकतो.

तेव्हा फरशी जरूर घाला. आईचे, आजीचे गुडघे वाचवणारी कोणतीही गोष्ट वाईट नाही. पण किती घालायची, कुठे थांबायचं आणि तिथे कोण बसणार, हे ठरवायला व्हिडिओतला माणूस पुरेसा नाही. वाळवणं घालायला एक कोपरा, पाणी मुरायला एक पट्टा, झाडाला थोडी माती, आणि कुणी आलं तर त्याला कडेला उभं न राहता मधोमध बसता येईल एवढी जागा. हे सगळं मावत असेल, तर वर शहाबादी आहे की ब्लॉक, याने फारसा फरक पडत नाही. उतार तेवढा विसरू नका.